घट्टही नको, सैलही नको : संगिनीची गोष्ट

उधन्यातल्या आपल्या मंडळींना फिटिंग म्हणजे काय, हे शिकवायला नको. लूम असो की लेथ, पार्ट जास्त टाईट बसला तर अडकतो, ढिला राहिला तर खडखडतो. जुन्या लष्करी बंदुकीच्या टोकाला लावायच्या संगिनीचंही तसंच. फरक एवढाच, की तिथे चुकीची किंमत जिवाने मोजावी लागे.

सुरुवातीची संगीन चक्क नळीच्या तोंडात बुचासारखी ठोकून बसवत. बसायची घट्ट, पण मग गोळी झाडता येत नसे. १६८९ मध्ये स्कॉटलंडमधल्या किलिक्रँकीच्या लढाईत शत्रू धावून आला, तेव्हा सरकारी सैनिकांना संगिनी लावायला वेळच मिळाला नाही आणि त्यांची फळी मोडली.

मग आली नळीवर बाहेरून चढवायची संगीन. घरातला दोन पिनांचा बल्ब आठवा. आत दाबायचा, फिरवायचा, की पिना खाचेत अडकतात. हीच युक्ती! नळीवर एक खुंटी आणि संगिनीच्या नळकांड्याला वळणाची खाच. पातं बाजूला राहत असल्याने बार भरता येई आणि झाडताही येई. पण बल्बला होल्डरमधली स्प्रिंग मागून दाबून धरते. ईस्ट इंडिया कंपनीच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीवर तशी स्प्रिंग साधारणपणे नसे. खाच झिजली की झटापटीत संगीन निसटण्याची भीती. त्या काळी बरंच काम हातानेच होई, त्यामुळे एकीची संगीन दुसरीला नीट बसेलच असं नव्हतं.

ही बंदूक आपल्या मुलखाने जवळून पाहिली आहे. उधना-जळगाव गाडीने जळगावला उतरून अजिंठ्याचा घाट चढलात, की पुढे भोकरदनच्या परिसरात असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर कंपनीचं सैन्य संगिनी रोखून चालून आलं. मराठी फौजेचे अनेक गोलंदाज तोफा न सोडता तोफांपाशीच संगिनींना बळी पडले.

पुढे मशीनवर एका मापाचे भाग बनू लागले आणि संगिनीला फिरती कडी आली. थ्री-नॉट-थ्री रायफलीच्या १९०७ नमुन्याच्या संगिनीत तर आणखी डोकं लावलेलं दिसतं. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ही रायफल आपल्या पोलिसांकडेही वर्षानुवर्षं होती. तिच्या संगिनीची कडी नळीवर बसतच नाही. नळीखालच्या लोखंडी टोपीवरच्या गोल उंचवट्यावर ती बसते. मुठीतली खाच मागच्या दांड्यावर सरकते आणि स्प्रिंगचा खटका ‘टक्’ करून पकडतो. सतरा इंची पात्याचा भार थेट नळीवर येत नाही. किंचित खेळ मात्र राहतो आणि तो लागतोच. चिखल-धूळ अडकली तरी संगीन चढली पाहिजे, आणि बटण दाबताच निघाली पाहिजे.

म्हणून संग्रहालयात अशी संगीन थोडी हलताना दिसली, तर ती बिघडली असं समजू नका. आणि पुढच्या वेळी गावी जाताना मुलांना असई दाखवा. आधी घरातला बल्ब फिरवून दाखवा, म्हणजे तिथे काय घडलं ते त्यांना लवकर उमजेल.