राक्षस आपल्या हाती : एका नव्या धंद्याचा हिशेब

भोर-वेल्ह्याच्या कारागिराचा मुलगा ‘संगणकावरचे खेळ बनवीन’ म्हणाला, तर बाप आधी खर्च विचारील. म्हणून हा हिशेब आम्ही मांडीत आहोत.

डावपेचांच्या खेळात पटावर चौकोन असतात व चाली आळीपाळीने होतात. उंचावरच्याला फायदा; चिंचोळ्या वाटेवर थोडेही पुष्कळांना अडवितात. राजगडाच्या तीन माच्या व बालेकिल्ला पाहिलेल्यास हे समजावावे लागत नाही. काही खेळांत गंमत उलटी असते : खेळणाऱ्याच्या हाती राक्षस, आणि चालून येतात ते वीर.

आता भांडवल. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी’ हा खेळ काढला. २०१७ साली त्यांनी मागितलेली लोकवर्गणी पुरी जमली नाही. खेळ बाजारात आला तो २०२० मध्ये. त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळाले. त्याच यादीत ‘कॅरियन’ होता. त्यात खेळणारा स्वतःच राक्षस.

विक्री ‘स्टीम’सारख्या दुकानावर होते. तेथे खेळ मांडण्यास १०० डॉलर व विक्रीवर साधारण ३० टक्के दलाली. शंभरातले सत्तर उरतात. त्यातून कर व परत आलेला माल वजा करावा.

पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. एकदाच किंमत देऊन घेतलेला खेळ निराळा. दोहोंची गल्लत करू नये.

आमचा सल्ला एवढाच : आधी एक पट, दोन राक्षस, तीन वीर असा नमुना करून दहाजणांना खेळू द्यावा. ते पुन्हा मागेपर्यंत चालू दुकान मोडू नये.