धानाच्या तुसाने पाण्यातले शिसे अडवता येईल?

नवेगाव बांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. अशा तलावांवर गोंदिया जिल्ह्यातील धान पिकते, त्यांतच मासळीही वाढते. हेच धान राईस मिलमध्ये भरडले की मागे तुसाचे ढीग उरतात. या टाकाऊ तुसापासून सांडपाण्यातील जड धातू काढणारे अतिसूक्ष्म कण तयार करता येतात.

बॅटरी, रंग आणि मुलामा देण्याच्या उद्योगांच्या सांडपाण्यात शिसे, कॅडमियम, क्रोमियम असू शकतात. पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू मात्र तसेच राहतात. शिसे शरीरात हिमोग्लोबिन बनवणाऱ्या विकरांमधील गंधकाला चिकटते आणि त्यांचे काम बंद पाडते. लहान मुलांच्या मेंदूची वाढही त्याने खुंटते. म्हणूनच पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसे चालत नाही.

100 किलो धानातून सुमारे 20 किलो तूस निघते. ते जाळल्यास साधारण 4 किलो राख उरते आणि तिच्यात 85 टक्क्यांहून अधिक सिलिका असते. तूस आधी आम्लाने धुऊन ठरावीक तापमानात जाळले, तर या सिलिकाचे नॅनोकण मिळतात. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. कण इतके बारीक असल्याने एका ग्रॅमचा पृष्ठभाग 200 चौरस मीटरहून अधिक भरू शकतो. त्यावर गंधकयुक्त रेणू बसवले की पारा, शिसे यांसारखे धातू तिथे अडकतात. शरीरात घात करणारी ओढच इथे उपयोगी पडते. विषबाधेवरचे डायमरकॅप्रॉल हे औषधही याच तत्त्वावर धातू पकडते.

मात्र हा घरगुती उपाय नव्हे. चुलीतली राख माठात टाकून पाणी शुद्ध होत नाही. फार तापवलेल्या राखेतील स्फटिकरूप सिलिकाची धूळ श्वासातून गेल्यास फुप्फुसांना इजा होते. कण गाळणीत घट्ट बसवावे लागतात, नाहीतर तेच पाण्यात उतरतील. धातूंनी भरलेली गाळणी घातक कचरा म्हणूनच हाताळावी लागते.

विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याबद्दल शंका असेल, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी. जुन्या बॅटऱ्या आणि रंगाचे डबे तलावाकाठी टाकू नयेत. पाण्यात मिसळलेला धातू काढण्यापेक्षा तो मिसळू न देणे केव्हाही स्वस्त पडते.