मोटार-गॅरेजचा आराखडा : कोणते सॉफ्टवेअर घ्यावे ?

आपल्या सभासदांपैकी पुष्कळांची मुलेबाळे आता पुण्यास असतात, त्यातही कोथरूडला जास्त. औषधपाण्यासाठी म्हातारी माणसे तिकडेच जाऊन राहतात. अशाच एका सभासद बंधूंनी आम्हांस विचारले, "मुलाच्या बंगल्यातलं गॅरेज नीट करायचंय. मोठी गाडी घ्यायची आहे, आईची चाकाची खुर्ची आत न्यायची आहे, मागं कपाटही पाहिजे. संगणकावर नकाशा काढायला कोणतं सॉफ्टवेअर बरं ?" प्रश्न एकाचा असला तरी अडचण अनेकांची आहे, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहीत आहोत.

मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी या बाजूचे जुने बंगले बांधले, तेव्हा दारात फियाट असे, नाहीतर १९८३ नंतर आलेली मारुती ८००. फियाट पद्मिनीची रुंदी सुमारे १.४६ मीटर. आजची इनोव्हा क्रिस्टा १.८३ मीटर रुंद आणि ४.७४ मीटर लांब आहे. गाड्या वाढल्या, भिंती होत्या तिथेच राहिल्या. म्हणून अंदाजाने चालत नाही, कागदावर किंवा पडद्यावर मापाने मांडूनच बघावे लागते.

आता सॉफ्टवेअरकडे वळू. वास्तुविशारद मंडळी वापरतात ते ऑटोकॅड. हे १९८२ सालापासूनचे आहे, काम अगदी चोख, पण त्याचे शुल्क भरत राहावे लागते आणि शिकायलाही बरेच दिवस जातात. एका गॅरेजसाठी ते विकत घेणे म्हणजे दोन सऱ्यांसाठी ट्रॅक्टर घेण्यासारखे. तो नाद सोडावा.

दुसरे स्केचअप. हे २००० साली निघाले, २००६ मध्ये गूगलने घेतले आणि २०१२ पासून ट्रिम्बल कंपनीकडे आहे. घरगुती वापरासाठी याची एक फुकट आवृत्ती इंटरनेटवर चालते. जमिनीवर चौकोन काढायचा आणि धरून वर ओढायचा, की भिंत उभी राहते. पोरं यात लगेच रमतात. गाड्यांची तयार चित्रेही भरपूर मिळतात, मात्र ती कोणीही तयार करून ठेवलेली असतात, तेव्हा त्यांची मापे कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून घ्यावीत. इंटरनेट नसेल तर ही फुकट आवृत्ती कामाची नाही.

तिसरे स्वीट होम थ्रीडी. हे २००६ पासूनचे, फुकट, आणि साध्या संगणकावर उतरवून घेता येते. वर नकाशा आणि खाली तीच खोली उभी दिसते. जुन्या नकाशाचा फोटो खाली ठेवून त्यावरून भिंती ओढता येतात. मापे फूट-इंचात ठेवायची सोय आहे, आणि कपाट असो वा पेटी, लांबी-रुंदीचे आकडे टाकले की तेवढी होते. दिसायला हे स्केचअपइतके देखणे नाही. तरी पहिल्यांदाच संगणकावर बसणाऱ्याने हेच घ्यावे, असे आमचे मत झाले आहे. गाडीचे सुंदर चित्र नाही मिळाले तरी बिघडत नाही, गाडीच्या मापाचे खोके ठेवले तरी भागते.

पण सॉफ्टवेअरला तुमची भिंत ओळंब्यात आहे की नाही, हे कळत नाही. रुंदी पुढे, मध्ये आणि मागे अशी तीन ठिकाणी मोजावी आणि त्यांतली कमीत कमी धरावी. दोन्ही कर्ण मोजावेत, ते सारखे नसतील तर खोली काटकोनात नाही. शटर असेल तर दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांमधले अंतर मोजावे, आणि वर गुंडाळी कुठवर उतरते तेही. आम्ही पहिल्या खेपेस पट्ट्या विसरलो होतो आणि पडद्यावर ऐसपैस दिसणारे दार प्रत्यक्षात निघाले अरुंद. सगळा नकाशा पुन्हा काढावा लागला !

सभासद बंधूंचे गॅरेज आतून ९ फूट बाय १६ फूट, म्हणजे २.७४ बाय ४.८८ मीटर. त्यात इनोव्हाचे खोके ठेवले, तर लांबीत फक्त १४ सेंटिमीटर उरले. कपाटाचा प्रश्न तिथेच मिटला. रुंदीत ९१ सेंटिमीटर उरले. एका भिंतीपासून १५ सेंटिमीटर सोडले, तर दुसऱ्या बाजूस ७६. आरसे अजून धरलेच नाहीत. त्यात ड्रायव्हर उतरेल, नाहीतर आई, दोघांची दारे उघडणार नाहीत. आणि उघडलेले दार, त्याच्या शेजारी चाकाची खुर्ची, तीत बसवायला उभा राहिलेला माणूस हे सगळे ७६ सेंटिमीटरमध्ये होतच नाही. मग स्विफ्टचे खोके ठेवून पाहिले (३.८६ मीटर लांब, साधारण १.७४ मीटर रुंद). मागे मीटरभर जागा सुटली, दीड फुटी कपाट बसले, पुढून जायला दोन फुटांहून थोडी कमी वाट राहिली. आईला उतरवायला मात्र याही गाडीत जागा पुरेना.

हे पाहिल्यावर घरच्यांनी बेत बदलला. आईंना गॅरेजबाहेर, फाटकाच्या आतच उतरवायचे, तिथून पायरीच्या जागी उतार करायचा आणि वर पावसासाठी पत्रा टाकायचा. फोडाफोडीच्या पैशातून हे व्हावे. मूळ बेतात बाजूची भिंत सरकवायची होती, आणि त्या भिंतीत एक कॉलम आहे. कॉलमला हात लावायचा तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नाही. घरी काढलेला नकाशा म्हणजे महापालिकेची परवानगी नव्हे, बांधकाम बदलायचे तर तो वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्यामार्फत रीतसर सादर करावा लागतो.

नवीन बांधणाऱ्यांसाठी : राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत मोटारीची जागा २.५ बाय ५ मीटर आणि स्कूटरची १ बाय २ मीटर धरली आहे. ही जागा गाडी उभी करण्यापुरती समजावी, माणसे उतरण्याची वेगळी मोजावी. गावाकडे ट्रॅक्टर-ट्रॉलीची शेड घालणाऱ्यांनाही हेच सॉफ्टवेअर चालेल, फक्त ट्रॉली जोडून वळायला किती जागा लागते ते आधी खळ्यात वळवून बघा.

शेवटचे काम खडूचे. पडद्यावरचा नकाशा ठरला की फरशीवर खडूने गाडीचा आकार काढावा, उघड्या दाराची रेघ मारावी आणि खुर्ची खरोखर फिरवून बघावी. गवंड्याला बयाणा त्यानंतर द्यावा.