खिडकीतली शिकारीण

बदलापूर लोकलमधून घामाघूम उतरावं आणि घरी कोणीतरी डासांचा परस्पर बंदोबस्त करून ठेवलेला असावा! याच आशेवर मी नर्सरीतून घटपर्णीची, म्हणजे पिचर प्लँटची, लटकती कुंडी आणली. पानाच्या टोकाला धागा, धाग्याला लोंबणारा झाकणवाला गडू. दिसायला एकदम हटके. ‘मच्छर खातो मॅडम, बसला की झाकण बंद!’ इति नर्सरीवाला.

चक्क थाप! ते झाकण मिटतच नाही. पावसाचं पाणी आत पडून पाचक रस पातळ होऊ नये म्हणून धरलेली ती छत्री. खरी करामत काठाची. तिथे मधासारखा गोड रस पाझरतो आणि काठ ओला झाला की असा निसरडा होतो, की मुंगी थेट आत. भिंत मेणचट, त्यामुळे परतीचं तिकीट नाही. आणि हो, गडू म्हणजे फूल नव्हे, पानाचाच भाग. मेन्यूत जास्त करून मुंग्याच, तेव्हा कॉइल लावणं सोडू नका!

बरं, हा खटाटोप भुकेसाठी नाहीच. अन्न ती इतर झाडांसारखं उन्हावरच बनवते. पण ती वाढते ती माती नायट्रोजनच्या बाबतीत कंगाल, म्हणून किडे. हे कळेपर्यंत मी प्रेमाने खत घालून पहिल्या कुंडीची वाट लावली होती. उरलंसुरलं काम एप्रिलने केलं. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि कोरड्या हवेत गडू आधी वाळतात.

नर्सरीत मिळतात त्या बहुतेक संकरित. भारताची स्वतःची जात एकच, नेपेंथिस खासियाना, तीही फक्त मेघालयात. गारो लोक तिला ‘मेमांग कोकसी’, म्हणजे भुताची टोपली म्हणतात. तिचा काठ अतिनील प्रकाशात निळा चमकतो, हे केरळच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं. पण खाणी आणि उपटून नेणारे हात यांच्यामुळे ती धोक्यात आहे. साइट्स करारानुसार जंगलातल्या रोपांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. तेव्हा रोप कुठून आलं, हे बिनधास्त विचारा.

महाराष्ट्रात रानात घटपर्णी नाही, पण मांसाहारी मंडळी आहेत. कासच्या पठारावर आपण ज्या जांभळ्या ‘सीतेच्या आसवां’सोबत फोटो काढतो, ती मुळाशी बारीक पिशव्या लावून सूक्ष्मजीव ओढून घेते. शेजारचा दवबिंदू चिकट थेंबांनी किडे धरतो.

माझी दुसरी कुंडी आता बाथरूमच्या खिडकीत आहे. खत शून्य, पाणी पावसाचं, ऊन गाळीव. जुलैत नवा गडू उघडला, आत दोन मुंग्या. आई म्हणाली, ‘श्रावणात तरी सोड म्हणावं तिला.’