मुलांचा बास्केटबॉल सराव : आधी रांग मोडा
आज इथे शाळेतले क्रीडाशिक्षक आहेत, संध्याकाळी मैदानावर मुलांना शिकवणारे तरुण प्रशिक्षक आहेत, काही पालकही आहेत. सगळ्यांनी मिळून आधी एक हिशेब करू.

२० मुलं, एक रिंग, ले-अपचा सराव. मुलं रांगेत उभी. एका मुलाची पाळी साधारण १० सेकंदांची. म्हणजे त्याची पुढची पाळी येणार २०० सेकंदांनी. १५ मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला किती पाळ्या आल्या? चार, फार तर पाच. म्हणजे जेमतेम ५० सेकंद खेळणं आणि १४ मिनिटं उभं राहणं!

बाहेरून बघणाऱ्याला हा सराव शिस्तीचा वाटतो. मीही कित्येक वर्षं असाच सराव घेतला. माझ्याकडे दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा यायचा. रांगेत तो दोघा-तिघांना पुढे जाऊ द्यायचा आणि स्वतः मागे सरकायचा. मला वाटायचं, आळशी आहे. दोन महिन्यांनी तो येईनासा झाला. पुढे एकदा रस्त्यात भेटला. विचारलं, "काय रे, का सोडलंस?" तर म्हणाला, "सर, सगळे बघत असायचे." रांगेत चुकणाऱ्या मुलाला १९ प्रेक्षक असतात, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

गंमत अशी, की हा खेळ जन्माला आला तोच कवायतीच्या कंटाळ्यातून. १८९१ चा डिसेंबर, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड गाव. हिवाळ्यात व्यायामशाळेत कोंडलेले, कवायतीला विटलेले १८ विद्यार्थी. त्यांच्यासाठी जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने पीचच्या दोन टोपल्या टांगल्या, नऊ-नऊ जणांचे दोन संघ केले आणि खेळ सुरू केला. आणि आपण काय केलं? त्याच खेळाची पुन्हा कवायत केली.

मग करायचं काय? मुलं २० आणि बॉल तीनच आहेत, असं धरू. बऱ्याच शाळांत असंच असतं. तीन-तीनचे दोन सामने आणि चार-चारचा एक. झाली २० मुलं. एक सामना रिंगखाली. बाकी दोघांना रिंग नाही? नसू दे. दोन्ही टोकांना खडूने चौकोन आखा. चौकोनात उभ्या असलेल्या आपल्या साथीदाराला पास पोचला, की एक गुण. पाच मिनिटांनी जागा बदला. आता सगळेच खेळतायत, त्यामुळे कोणाची चूक बघत बसायला कोणी रिकामं नाही.

दुसरी गोष्ट, ओरडून शिकवण्याऐवजी नियम बदलून शिकवा. मुलं पास देत नाहीत? पाच मिनिटं ड्रिबल बंद. बॉल हातात आहे, पण पळता येत नाही. मग साथीदारांना मोकळ्या जागेत यावंच लागतं. "पास दे, पास दे" असं बाहेरून ओरडलात, तर मूल तुमचं ऐकायला शिकतं, पण मैदान बघायला शिकत नाही. त्यापेक्षा खेळ थांबल्यावर विचारा, "तेव्हा तुला कोण मोकळं दिसलं होतं?"

तिसरी, बाद होण्याचे खेळ. आपला बॉल ड्रिबल करत दुसऱ्याचा बॉल उडवायचा, हा खेळ मुलांना फार आवडतो. तीन बॉल असतील, तर तिघा-तिघांनी आळीपाळीने खेळवा. पण बॉल उडाला की बाहेर बसायचं, असा नियम केलात, तर सगळ्यात आधी कोण बसतं? ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज आहे, तोच. त्यापेक्षा बॉल उडाला, की बाजूला डाव्या हाताने पाच ड्रिबल मारायचे आणि परत आत यायचं.

चौथी, साहित्याचं माप. मोठ्यांची रिंग ३.०५ मीटर उंच, म्हणजे १० फूट. मिनी बास्केटबॉलमध्ये ती २.६० मीटरवर असते आणि बॉल ५ नंबरचा. नऊ वर्षांच्या मुलाला ७ नंबरचा बॉल आणि १० फुटांची रिंग दिलीत, तर तो कमरेपासून बॉल भिरकावणारच. त्यात त्याचा काय दोष? रिंग खाली घेता येत नसेल, तर निदान बॉल तरी लहान द्या आणि जवळून मारू द्या.

आता तुम्ही म्हणाल, "सर, मग तंत्र शिकवायचंच नाही का?" शिकवायचं की! पण आधी खेळू द्या. तीनजण डाव्या बाजूने अडतायत असं दिसलं, की खेळ थांबवा, दोन मिनिटं डाव्या हाताचा ले-अप दाखवा आणि लगेच पुन्हा खेळात सोडा. अडल्यावर दाखवलेलं डोक्यात राहतं, कारण त्याची गरज मुलाला स्वतःलाच पटलेली असते.

एकच काम देतो. उद्याच्या सरावात सर्वांत गप्प असणारं एक मूल निवडा. १० मिनिटांत त्याच्या हाताला बॉल किती वेळा लागला, ते मोजा. आकडा चार-पाचवरच राहिला, तर मुलाला दोष देऊ नका. आपला सराव बदला. तो मुलगा मैदान सोडून जायच्या आत.