जेवायचं कुठं? उत्तर माटुंग्यात!

बारावी झाली की आपल्या उदगीरची पोरं-पोरी पुण्या-मुंबईची वाट धरतात. बॅगेत आईनं दिलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. चार दिवसांत डबा रिकामा होतो आणि खरा प्रश्न समोर येतो, 'आता जेवायचं कुठं?'

याच प्रश्नातून मुंबईत एक अख्खा खाऊपट्टा उभा राहिलाय. दादरहून मध्य रेल्वेच्या लोकलनं एकच स्टेशन पुढं, माटुंगा!

1896 च्या प्लेगनंतर दाटीवाटीची मुंबई मोकळी करायला दादर-माटुंग्याची आखीव वस्ती वसवली गेली. नोकरीसाठी दक्षिणेतून आलेले कारकून, टायपिस्ट तिथं स्थिरावले. घरदार गावाकडं, खोलीत चूल नाही. मग उडुपीकडच्या मंडळींनी त्यांच्यासाठी पानं मांडली. 1939 मध्ये 'राम आश्रय', 1940 मध्ये 'कॅफे मद्रास', 1942 मध्ये ए. रामा नायक यांचं 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग'. बोर्डिंग म्हणजे काय, तर आपली मेसच की! केळीच्या पानावर भात, सांबार, रसम आणि पोटभर वाढणं. मेलबर्नची लायगन स्ट्रीट इटालियन लोकांनी अशीच गजबजवली. माणूस गाव सोडतो, चव सोडत नाही.

पण हे सगळं गोडीगुलाबीनं झालं नाही. 1960 च्या दशकात मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध आंदोलन पेटलं, उडुपी हॉटेलांवर हल्ले झाले. 'हे बाहेरचे' असं म्हटलं गेलं. आज त्याच हॉटेलांबाहेर रविवारी सकाळी मराठी, गुजराती, पंजाबी सगळे नंबर लावून उभे असतात. रुईया, व्हीजेटीआयच्या पोरांना तर डोसा आणि फिल्टर कॉफी म्हणजे कॉलेजचाच भाग.

आपल्याला यात नवल वाटायला नको. बीदर हाकेच्या अंतरावर, त्यामुळं उदगीरच्या बाजारात मराठीसोबत कन्नड, उर्दू, तेलुगू कानावर पडतेच. तरी उद्या होस्टेलवर तुमच्या 'काय करायलास?'ला कुणी हसलं, तर बिचकू नका. डबा उघडा, धपाटा पुढं करा. आणि आपल्या गावात शिकायला आलेला एखादा बाहेरचा पोरगा मेसमध्ये एकटाच जेवताना दिसला, तर आपलं ताट उचलून त्याच्या टेबलावर जाऊन बसा.