डोक्यातलं वहीत उतरवा

शाळा सुटल्यावर शिक्षक गळून गेलेला दिसला की लोक म्हणतात, पोरांनी दमवलं. पोरं दमवतात हे खरं आहे. पण तो शीण भाकरी खाऊन झोपलं की उतरतो. रात्री मध्येच जाग येते ती निराळ्या गोष्टींनी. आजची पोषण आहाराची नोंद ऑनलाइन गेली का? नव्याने दाखल झालेल्या मुलीचं आधारवरचं नाव आणि दाखल-खारीज रजिस्टरमधलं नाव जुळत नाही, ते कोणाकडून दुरुस्त करून घ्यायचं? शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेच्या इतिवृत्तावर दोन सह्या राहिल्यात. तिसरीतला एक मुलगा दोन दिवस आला नाही, त्याच्या घरी जायचं राहिलं. यातलं एकही काम अवघड नाही. ती सगळी एकदम डोक्यात जागी असतात, ते अवघड आहे.

मी बीड जिल्ह्यात शिरूर कासारच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळांवर नोकरी केली, शेवटची वर्षं केंद्रप्रमुख म्हणून. आता निवृत्त आहे. नवे शिक्षक अजूनही घरी येतात आणि चहा संपायच्या आत विचारतात, "बाई, एवढं सगळं लक्षात कसं ठेवायचं?" माझं उत्तर ठरलेलं आहे: लक्षात ठेवायचंच नाही. हा लेख त्या उत्तराविषयी आहे, आणि गावात ज्यांची मुलं शाळेत जातात त्यांनीही तो वाचावा असं मला वाटतं.

दोनशिक्षकी शाळा ज्यांनी आतून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. पहिली ते चौथी किंवा पाचवी, दोन खोल्या, दोन माणसं. मुख्याध्यापकाचा प्रभार त्या दोघांतल्याच एकाकडे. कारकून नाही, शिपाई नाही. एका खोलीत दोन-तीन वर्ग जोडून शिकवायचं. शिवाय हजेरीपट, टाचण, आवक-जावक, किर्द, डेड स्टॉक रजिस्टर, आहाराची नोंदवही. त्यावर ऑनलाइन माहितीसाठी सरल आणि यू-डायस, पगारासाठी शालार्थ. आहाराचंच बघा. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. हजेरी गुणिले ग्रॅम, ते कालच्या शिल्लकेतून वजा. हजेरीत एका मुलाचा फरक पडला तरी वहीतला तांदूळ आणि पोत्यातला तांदूळ जुळत नाही. हा हिशेब मनात चालू असताना दुसरीला हातच्याची वजाबाकी शिकवायची असते.

माणसाचं डोकं यासाठी बनलेलं नाही. एका वेळी मनाच्या पुढ्यात तीन-चार गोष्टीच राहू शकतात, असं स्मरणशक्तीचे अभ्यासक नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये मांडलं. त्याच्याही कितीतरी आधी, १९२७ मध्ये, ब्लूमा झायगार्निक या बाईंनी बर्लिनमधल्या प्रयोगांवरून लिहिलं होतं की पूर्ण झालेल्या कामापेक्षा अर्धवट सुटलेलं काम माणसाला जास्त आठवत राहतं. पुढे इतरांच्या प्रयोगांत दर वेळी तसंच आढळलं असं नाही. मला जास्त मोलाचा वाटतो तो मासिकाम्पो आणि बॉमाइस्टर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा २०११ चा अभ्यास. अपुरं राहिलेलं काम दुसऱ्या कामात लुडबुड करतं, हे त्यांनी दाखवलं. आणि ते काम कधी व कसं करायचं हे ज्यांनी नेमकं ठरवलं, त्यांच्या मनातली लुडबुड थांबली, हेही दाखवलं. काम झालेलं नव्हतंच. फक्त ठरलं होतं.

शिक्षकासाठी ही मोठी सुटका आहे, कारण त्याची कामं कधीच पूर्ण होत नाहीत. ती ठरवता मात्र येतात. न ठरवता काम डोक्यात ठेवणं म्हणजे चुलीवर दूध ठेवून अंगण झाडायला जाणं. हात झाडूवर, जीव चुलीपाशी.

म्हणून पहिली गोष्ट, एक वही. एकच. मोठी फुलस्केप, जाड पुठ्ठ्याची. फोनमध्ये लिहिलं तर चालेल का, असं तरुण मुलं विचारतात. मी नको म्हणते, कारण फोन उघडला की ग्रुपवरची नवी माहिती आधी दिसते आणि लिहायला घेतलेलं राहून जातं. काम आठवलं की लगेच वहीत. पण नुसतं "यू-डायस" असं लिहायचं नाही. त्या शब्दाकडे बघून हात उचलत नाही. "पहिलीतल्या चार मुलांच्या आधारच्या झेरॉक्स पालकांकडून घेणे, बुधवारी आठवडी बाजाराच्या आधी" असं लिहायचं. पहिलं पाऊल आणि वार. शाळा सुटल्यावर कुलूप लावायच्या आधी दहा मिनिटं वही उघडायची, झालेल्यावर रेघ मारायची, राहिलेल्याला नवा वार द्यायचा. ही दहा मिनिटं कोणी चुकवू नयेत. वही घरी न्यायची नाही, असंही मी सांगते. ती टेबलाच्या खणात राहते, आणि तिच्यातलं सगळं तिच्यापाशीच राहतं.

दुसरी गोष्ट माहितीपत्रकाची. कार्यालयाकडून "आजच्या आज" म्हणून जी माहिती येते, तिच्यातली बरीचशी वर्षभर बदलत नाही. शाळेचा अकरा अंकी यू-डायस क्रमांक, इयत्तावार आणि संवर्गवार पट, मुली किती, खोल्या किती, त्यातल्या पडक्या किती, स्वच्छतागृहं, रॅम्प, पाण्याची सोय, वीजमीटरचा ग्राहक क्रमांक, बँकेचं खातं, समितीच्या अध्यक्षांचं नाव, शिक्षकांच्या जन्मतारखा आणि नेमणुकीच्या तारखा. हे सारं दोन पानांत मावतं. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची पदं, ठरते, तेव्हा ते आकडे पक्के करावेच लागतात. त्याच दिवशी हे पत्रकही नवं करावं. एक प्रत कपाटाच्या दारावर आतून चिकटवावी, एक सोबतच्या शिक्षकाकडे द्यावी. मग प्रभारी रजेवर असला तरी शाळा अडत नाही. कपाट उपसून रजिस्टरं शोधणारे शिक्षक मी भेटींत पाहिलेत. त्या वेळेला वर्गात काय चालू असतं ते सांगायला नको.

तिसरी गोष्ट वर्गातली आहे, आणि तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. फिलिप जॅक्सन या अमेरिकी अभ्यासकाने १९६८ साली प्राथमिक वर्गांविषयीच्या आपल्या पुस्तकात लिहिलं की शिक्षकाची दिवसभरात मुलांशी हजारापर्यंत देवाणघेवाण होते. आपल्याकडचा बहुवर्ग डोळ्यांपुढे आणा. "बाई, पाण्याला जाऊ?" "बाई, ह्यानं माझी पेन्सिल घेतली." "बाई, झालं." "बाई, पुढचं पान करू?" प्रत्येक वेळी बाईंनी ठरवायचं. हे बारीक बारीक ठरवणंच दुपारपर्यंत माणसाला रिकामं करतं. जे रोज तेच विचारलं जातं त्याचा नियम एकदा मुलांशी बोलून ठरवावा, म्हणजे ते पुन्हा विचारावं लागत नाही. दाराशी खिळ्याला एक लाकडी पट्टी टांगायची. पाण्याला जाणाऱ्याने ती न्यायची, परत आल्यावर टांगायची, पट्टी जागेवर नसेल तर थांबायचं. काम आधी संपलं तर काय करायचं ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेलं असावं: वाचनकोपऱ्यातलं पुस्तक घे, नाहीतर पहिलीच्या मुलाला वाचून दाखव. परिपाठ मुलांनी चालवावा, गटप्रमुख दर आठवड्याला बदलावेत. पहिल्या महिन्यात याला वेळ जातो, पुढे तो वर्षभर परत मिळतो. आणि मुलांना आपला वर्ग आपण चालवतो याचा अभिमान वाटतो, तो मी त्यांच्या तोंडावर पाहिला आहे.

वह्या तपासण्याचं थोडक्यात. सगळ्यांच्या सगळ्या वह्या रोज तपासायच्या नाहीत. रोज एक रांग, मूल शेजारी उभं असताना. मुलाच्या देखत केलेली एक दुरुस्ती घरी नेऊन केलेल्या वीस लाल खुणांपेक्षा उपयोगी पडते.

वर्णनात्मक नोंदींचा विषय मात्र माझ्या जिव्हाळ्याचा आहे. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, आकारिक आणि संकलित. कल्पना उत्तम होती: मूल कसं शिकतंय ते वर्षभर बघत राहायचं आणि लिहायचं. पण या नोंदी एप्रिलमध्ये, निकालाच्या तोंडावर, छापील नमुन्यांतून उतरवल्या की "स्वाध्याय वेळेवर पूर्ण करतो" हे वाक्य अख्ख्या वर्गाच्या नावापुढे लागतं. त्यात शिक्षकाचा आठवडा जातो आणि मुलाला काही मिळत नाही. रोज तीन मुलं निवडावीत, त्यांच्याकडे त्या दिवशी जरा जास्त बघावं, प्रत्येकाविषयी एक ओळ लिहावी. "आज हातच्याची बेरीज दाण्यांनी केली, पाटीवर अडखळली." तीस मुलांचा वर्ग दहा दिवसांत फिरून येतो. एप्रिलचं ओझंही राहत नाही, आणि ती नोंद खरी असते.

फोनबद्दल मी कडक आहे. परिपाठाआधी, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर ग्रुप बघावा. मध्ये फोन कपाटात. केंद्रप्रमुख असताना मी शाळांना सांगितलं होतं की अगदी निकडीचं असेल तर मी स्वतः फोन करीन, मेसेजची वाट वर्गात बसून बघू नका. असं वरून सांगितलं गेलं पाहिजे. नुसती शिक्षकांना शिस्त शिकवून हे होत नाही.

आता जे वहीत मावत नाही त्याविषयी. आमच्या भागात दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, कर्नाटक. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि धाकट्याला सांभाळायला म्हणून तिसरी-चौथीतली मुलगी बरोबर निघते. शिक्षकाला सगळ्यांत जास्त छळते ती ही काळजी. पण तिचाही बराच भाग वार लावून ठरवता येतो. बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढल्यावर समजावून उपयोग नसतो. पोळ्यापासून गणपतीपर्यंतच्या दिवसांत घरोघर जाऊन बोलावं लागतं, आजी-आजोबा किंवा चुलता मुलाला ठेवून घेईल का ते विचारावं लागतं, आणि हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवावा लागतो. तरी जे मूल जाईल त्याला तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून बरोबर शिक्षण हमी कार्ड द्यायचं, पालकांचा नंबर आणि कारखान्याचं नाव लिहून ठेवायचं. एवढं करूनही काही बाकं रिकामी होतातच. ते दुःख एकट्याने घरी नेऊ नये. महिन्याच्या शिक्षण परिषदेत पहिला अर्धा तास मी परिपत्रकं बाजूला ठेवून शिक्षकांना फक्त मुलांविषयी बोलू देत असे. त्या अर्ध्या तासात मोठी माणसं रडलेली मी पाहिली आहेत, आणि नंतर हलकी होऊन कामाला लागलेलीही.

शिक्षकाने कितीही नीट मांडणी केली तरी मागणाऱ्याने ताळतंत्र सोडला तर ती टिकत नाही. याबाबत कायदा शिक्षकाच्या बाजूचा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षकाला लावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये निवडणुकीच्या कामाबद्दलही सांगितलं की ते सुट्टीच्या आणि बिनशिकवण्याच्या दिवशी द्यावं. त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास मोजताना पूर्वतयारीचे तास त्यांत धरले आहेत. म्हणजे उद्याच्या पाठाची तयारी हे कायद्याने कामच आहे, रात्री घरी उरकायची गोष्ट नव्हे. इंग्लंडमध्ये २००५ पासून शिक्षकांना शिकवण्याच्या वेळेच्या दहा टक्के वेळ तयारी आणि तपासणीसाठी हक्काने मिळतो. आपल्या दोनशिक्षकी शाळेत तो कसा काढायचा हा प्रश्न खराच कठीण आहे, पण पाच-सहा शाळांत मिळून एक लिहिणारा माणूस दिला तरी पुष्कळ वेळ सुटेल, असं माझं ठाम मत आहे.

तोवर गटसाधन केंद्रात बसणाऱ्यांना माझी विनंती आहे. जी माहिती यू-डायसवर आहे ती शाळेकडे पुन्हा मागू नका. मागायचीच तर तारीख देऊन, निदान तीन दिवस आधी मागा. निरंक अहवालासाठी शिक्षकाला वर्गातून उठवू नका.

आणि पालकांना. जूनमध्ये मूल शाळेत घालायला याल तेव्हा जन्मदाखला, आधार आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्स एकदाच, एकत्र आणा. तिन्हींवर नाव सारखं आहे का ते आधी बघा. नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. शाळेच्या वेळेत बाईंना फोन करू नका. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान तीन चतुर्थांश सदस्य तुम्हीच आहात. पुढच्या सभेला जा आणि विचारा, या महिन्यात आमच्या शिक्षकांचे किती दिवस वर्गाबाहेर गेले, कशासाठी गेले. ते इतिवृत्तात लिहायला लावा आणि त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा.